मोठी मूळ संख्या: कोणती चाचणी लावावी?

समोर तीनशे अंकी संख्या आहे आणि ती मूळ आहे का, एवढंच हवं आहे. विभाजक शोधत बसू नका. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये एकही विभाजक हाती नसताना दाखवलं (संयुक्त म्हणजे मूळ नसलेली, लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेली). १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे विभाजक अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले.

फर्माची चाचणी सर्वांत सोपी. एखादा पाया, म्हणजे १ हून मोठी पण तपासायच्या संख्येहून लहान संख्या, घ्या, त्याचा 'संख्या वजा १' इतका घात करा, संख्येने भागा. बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त. पण ५६१ (३ × ११ × १७) तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक पायाला चकवते, आणि अशा संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. ही चाचणी सोडून द्या.

मिलर-राबिन चाचणीला मेहनत जवळपास तेवढीच, पण ती घात टप्प्याटप्प्याने करते आणि १ चं एखादं भलतंच वर्गमूळ (म्हणजे वर्ग केल्यावर बाकी १ देणारी, पण स्वतः १ किंवा 'संख्या वजा १' नसलेली बाकी) वाटेत आलं की पकडते. संयुक्त संख्या जास्तीत जास्त चौथाई पायांना फसवू शकते. यादृच्छिक ४० पाये घेतले, तर ती निसटण्याची शक्यता २ च्या ८० व्या घातात एकाहून जास्त नाही. गुप्तलेखनाच्या चाव्यांसाठी मी हीच घेईन. पाये मात्र ठरलेले नकोत: २०४७ (२३ × ८९) पाया २ ला आरामात चकवते, आणि ठरावीक पायांच्या यादीला फसवणारी संख्या मुद्दाम घडवता येते. संख्या २ च्या ६४ व्या घाताहून लहान असेल, तर हा प्रश्नच नाही. २ ते ३७ हे बारा मूळ पाये खात्रीचं उत्तर देतात.

पक्की सिद्धताच हवी असेल, तर एकेएस आठवते. आयआयटी कानपूरच्या अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत कोणत्याही संख्येला, संभाव्यतेचा आधार न घेता, बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ स्फोटासारखा वाढत नाही) उत्तर देते. सिद्धांत म्हणून देखणी, पण प्रत्यक्षात इतकी संथ की कामाला कोणी लावत नाही. त्याऐवजी एलिप्टिक कर्व्ह या खास प्रकारच्या वक्रांवर आधारलेली ईसीपीपी ही पद्धत वापरा. ती सिद्धतेचं प्रमाणपत्र हाती देते, आणि ते दुसऱ्या कोणालाही फार कमी वेळात तपासता येतं.

२ चा घात वजा १ अशा घाटाची संख्या असेल, तर लुकास-लेमर चाचणीपुढे बाकी सगळ्या फिक्या. ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा, घातांकाहून दोन कमी फेऱ्या. शेवटी त्या संख्येने भागून बाकी शून्य आली की संख्या मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, आधी 'बहुधा मूळ' एवढंच सांगणाऱ्या चाचणीतून पार झाली आणि मग लुकास-लेमरने पक्की ठरली.