आयात बिअरमध्ये माझी पहिली पसंती: ड्यूव्हल

वाइन शॉपमध्ये आयात बिअरसाठी देशी बाटलीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, त्यामुळे जहाजाचा प्रवास आणि गोदामातला मुक्काम सोसून आलेल्या बाटलीत मूळची चव किती टिकली आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो. या कसोटीवर बेल्जियममधील ब्रेनडोंक येथील मोर्टगाट ब्रुअरीची ‘ड्यूव्हल’ मला सर्वांत सरस वाटते. पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या स्मरणार्थ ‘व्हिक्टरी एल’ म्हणून आलेली ही बिअर १९२३ पासून आजच्या नावाने विकली जाते. बाटलीत भरताना तिच्यात पुन्हा साखर आणि यीस्ट घालतात. हे जिवंत यीस्ट बाटलीत उरलेला ऑक्सिजन वापरून टाकते, आणि म्हणूनच लांबच्या प्रवासाने तिचे फारसे बिघडत नाही.

ग्लास तिरका धरून कितीही सावकाश ओतली, तरी पांढराशुभ्र, दाट फेस बिअरच्याच उंचीएवढा चढतो आणि बराच वेळ बसत नाही. तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा, कारण तेथील यीस्टच्या गाळाने सोनेरी रंग गढूळ होतो आणि चवही जडावते. पहिल्या घोटाला नासपतीसारखा फळाचा वास येतो, मागाहून हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, कोरडा, स्वच्छ कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. अल्कोहोल ८.५ टक्के असूनही ते घशाला जाणवत नाही, त्यामुळे ही बिअर घाईने पिऊ नये.

पिल्सनर या हलक्या, सोनेरी बिअरविषयीही मला नितांत आदर आहे. १८४२ मध्ये बिअर बनवणारे योझेफ ग्रोल यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील पिल्झेन शहराच्या मृदू पाण्यात, तिथल्याच झाट्स भागातील हॉप्स वापरून जी सोनेरी लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) घडवली, तिचे अनुकरण आज जगभर होते. परंतु हॉप्सचा तो नाजूक सुगंध उष्णतेने आणि काळाने विरतो, आणि हिरव्या काचेतून प्रकाश लागला की बिअरला उग्र, गंधकासारखा दर्प येतो. दुकानात प्रखर दिव्याखाली मांडलेल्या आयात लागरच्या बाटलीत हा दर्प मला स्पष्ट जाणवला आहे.

त्यामुळे हलकी बिअर मी ताजीच पितो. २००९ मध्ये डूलाली ही जागीच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात तशी बिअर नळावर मिळते, आणि तिथल्या गव्हाच्या बिअरमधला केळी-लवंगेचा वास महिनोन्‌महिने साठवलेल्या कोणत्याही जर्मन बाटलीपेक्षा मला अधिक भावतो.