टेस्टिंगकडे वळताना सोबत कुणाची? टेलिग्रामचा मोठा ग्रुप की रविवारची बैठक

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत असताना मी सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळायचं ठरवलं. कोर्स आणि व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. अडतं ते विचारायला माणूस नसतो तिथे. मी दोन्हीकडे विचारून पाहिलं: टेलिग्रामवरच्या हजारो टेस्टर्सच्या ग्रुपवर आणि निगडीत एकाच्या फ्लॅटवर रविवारी जमणाऱ्या आमच्या पाच-सहा जणांच्या बैठकीत.

बातमी हवी तर मोठ्या ग्रुपला तोड नाही. शनिवारी हिंजवडीत वॉक-इन इंटरव्ह्यू कुठे, नोकरी मध्येच न सोडण्याचा बाँड कोण लिहून घेतंय, हे तिथेच आधी कळतं. आयएसटीक्यूबी फाउंडेशन या टेस्टिंगच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेट परीक्षेला ४० पैकी २६ बरोबर आले की पास, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ती परीक्षा आत्ता द्यावी की नोकरी लागल्यावर, यावर तासाभरात ढीगभर मतं येतात. रात्रपाळीवाल्यालाही कुणीतरी जागं सापडतं.

मला वैताग आला तो 'इंटरेस्टेड'चा. कुणी एक ओपनिंग टाकली की खाली 'इंटरेस्टेड', 'इंटरेस्टेड सर', 'प्लीज चेक डीएम' अशी रांग लागते. कारखान्यातला अनुभव इंटरव्ह्यूत कसा मांडू, हा माझा प्रश्न त्याखाली गाडला गेला. पुन्हा टाकला, तर एकच उत्तर आलं: 'दोन वर्षं टेस्टिंगची दाखव, कोण बघतंय!' पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत सगळी कुंडली निघते, हे या भल्या माणसाला कोण सांगणार?

बैठकीत तोच प्रश्न काढला. ऑटोमोटिव्हमधूनच आलेला एक जण म्हणाला, "तुझा एखादा एट-डी सांग." एट-डी म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो पुन्हा होऊ न देण्याचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. मी वेल्डिंगच्या रिजेक्शनचा सांगितला: माल वेगळा काढला, फाइव्ह-व्हाय केलं, म्हणजे पुन्हा पुन्हा 'का' विचारत मुळाशी गेलो, फिक्स्चरची पिन झिजलेली निघाली, ती बदलली, पुढच्या लॉटवर नजर ठेवली. "अरे, हाच बग रिपोर्ट. पुढचे लॉट तपासलेस ना, ते झालं रिग्रेशन, बदलानंतर दुसरं काही बिघडलं नाही ना हे पुन्हा तपासणं. असंच सांग." वर म्हणाला, नुसत्या वेबसाइट टेस्टिंगच्या मागे लागू नकोस, ईसीयू व्हॅलिडेशनही, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटची तपासणीही बघ, गाडी कळणारा माणूस तिथे लागतो. तेव्हापासून मी कॅन बसचा, म्हणजे ही युनिट्स एकमेकांशी बोलतात त्या नेटवर्कचा अभ्यास सुरू केला.

बैठकीचीही रड आहेच. सुट्टी गुरुवारी असलेल्यांचं जमत नाही, नोकरी लागलेला हळूहळू यायचा बंद होतो. आणि टेस्टिंगमध्ये पोचलेला निदान एक जण नसेल, तर नुसतं मॅनेजरच्या नावाने बोटं मोडणं होतं. जळगाव-लातूरला बसून तयारी करणाऱ्याला कदाचित ग्रुपच सोयीचा पडेल.

पुण्यात असाल तर मात्र मी बैठकच म्हणेन. माणसं त्याच ग्रुपवर मिळतात: मेकॅनिकलमधून आलेले, तुमच्याच भागात राहणारे दोघं-तिघं हेरा, वैयक्तिक मेसेज टाका आणि ग्रुप म्यूट करा. वॉक-इनसाठी शुक्रवारी संध्याकाळी एकदा उघडला तरी पुरतो.