कुळागरात मोबाइल: एक पावसाळा वापरून झाल्यावर

गोव्यात सत्तरीला आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. पोफळी, थोडे माड, पोफळींवर चढवलेली मिरी. मे महिन्यात शेतीची म्हणून जी जी ॲप सापडली ती सगळी फोनमध्ये घेतली. गणपतीपर्यंत बहुतेक काढूनही टाकली. टिकली ती दोनच, आणि एक साधा टोल फ्री नंबर.

पहिलं मेघदूत. हवामान खात्याचं हे ॲप २०१९ पासून आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी कृषी सल्ला येतो, सोबत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज. आम्हाला त्याचा खरा उपयोग एकाच कामाला, बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या फवारणीला. कोळेरोग एकदा घडात शिरला की हिरवी सुपारी गळून खाली खच पडतो, मग धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही. औषध आधीच घडावर बसलेलं असावं लागतं. पहिली फवारणी मृगाआधी होऊन जाते, तिचं काही नाही. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऐन आषाढात. तेव्हा उघाड कधी मिळेल याचा दरवर्षी जुगारच. यंदा निदान पत्ते थोडे दिसत होते.

मात्र उत्तर गोवा जिल्हा म्हटला की बारदेशचा किनाराही त्यात आला आणि घाटाच्या पायथ्याची सत्तरीही. त्यामुळे मी फोनवर ‘हलका पाऊस’ वाचून दाखवला तरी बाबा एकदा घाटाकडे बघून घेतात. मी त्यांना अडवत नाही.

खरी गंमत पुढे आहे. उघाड येणार हे आता सगळ्या वाड्याला एकाच संध्याकाळी कळतं, आणि पोफळीवर चढणारा पाडेली एकच! त्याचा फोन रात्रभर एंगेज. ज्याने आधी फोन लावला त्याची बाग आधी. ज्या म्हाताऱ्या काकींकडे बटणाचा फोन आहे त्यांचं कुळागर शेवटी, तोवर पाऊस परत सुरू. माहिती पोचली म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे जुलैत यावं. शेवटी वॉट्सॲप ग्रुपवर आम्ही पाळ्या ठरवल्या, काकींची पाळी मुद्दाम वर घेतली. मोरचूद आणि चुना आधीच आणून ठेवला. तेव्हा कुठे तो अंदाज कामी आला.

याच ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरलेली गोष्ट कुठल्याच ॲपमधली नव्हती. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण मिश्रण जमलं की नाही हे बाबा कोयत्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. त्याचा छोटा व्हिडिओ टाकला, तर पार डिचोलीहून विचारणा आली.

दुसरं दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. आसपास वीज पडत असेल तर सांगतं. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की माणसांना झाडावरून उतरवायला एवढं पुरे. रेंज असली तर. आमच्या ओहोळाकडच्या कोपऱ्यात ती नसते.

फोटोवरून रोग ओळखणारं एक ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही. पिकांच्या यादीत सुपारीच नाही! चाळीस फुटांवरच्या घडाचा फोटो काढायचा कसा, हेही त्यालाच ठाऊक. काढून टाकलं.

नंबर म्हणजे किसान कॉल सेंटर, २००४ पासून चालू आहे. मिरीचे वेल पिवळे पडायला लागले तेव्हा बाबांनी स्वतः फोन लावला आणि मराठीत बोलले. पलीकडच्याने आधी उलट प्रश्न विचारले: वेल किती वर्षांचा, बुंध्याशी पाणी साचतं का, पानं खालून गळतात की वरून. बाबा खूश, कारण कुणीतरी बागेबद्दल नीट विचारलं. चर काढून पाण्याला वाट करून द्या आणि बुंध्याशी बोर्डो ओता, असं सांगितलं. शंका राहिली तर नमुना घेऊन जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जायचं, ते आमचं नेहमीचंच.

घरात फोन चालवणारं तरुण कुणी नसेल तर ॲपच्या मागे लागू नका. १८००-१८०-१५५१ हा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो.