जाड ऑइलचं ओव्हरहॉलिंग

माझी गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरची, 92 हजार किलोमीटर झालेली. गोव्यात रोज फोंडा ते वेर्णा आणि महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाटातून बेळगाव, कारण सासुरवाडी तिथली. गेल्या चवथीच्या आधी लक्षात आलं की गाडी ऑइल खातेय. माझ्या लक्षात नव्हे, मेव्हण्याच्या. घाट उतरून केरीला (सत्तरीतली केरी, पेडण्यातली नव्हे) सपाटीवर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागून येणाऱ्या त्याला निळ्या धुराचा लोट दिसला. सांकळीला चहाला थांबलो तेव्हा त्याने सांगितलं. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा एकदाही पेटला नव्हता. तो ऑइलचा दाब पडला की पेटतो, नुसती पातळी उतरली म्हणून नव्हे, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ऑफिसातल्या एकाने गॅरेज सुचवलं. तिथल्या माणसाने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं, वाफ दाखवली आणि म्हणाला, "पात्रांव, इंजीन गेलें." मग इंजिन बंद करून त्याच क्षणी डिपस्टिक ओढली. पुन्हा ऑइल तळाला! मी हबकलो. खरं तर थोडी वाफ चांगल्या इंजिनातूनही येते. आणि बंद केल्याबरोबर बरंच ऑइल वरच असतं, ते खाली उतरायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. शिवाय गाडी त्याच्या दारातल्या उतारावर उभी होती. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरात दाब किती तयार होतो ते मोजणं) हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही आणि मला तो माहीत नव्हता.

पिस्टनच्या रिंगा, होनिंग (सिलिंडर आतून घासणं), गॅस्केट किट, मजुरी मिळून 42 हजार सांगितले. घासाघीस करून 38 वर आणले, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. बिल वहीच्या कागदावर, पैसे त्याच्या पुतण्याच्या नंबरवर यूपीआयने.

सहा दिवसांनी गाडी मिळाली. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत काळ्या पडलेल्या रिंगा, 'तुमच्या जुन्या' म्हणून. मीटरवर 140 किलोमीटर वाढले होते. विचारलं तर म्हणे ट्रायल मारली. ट्रायलला कारवारपर्यंत जातात काय, असं मनात आलं, पण धूर खरोखर थांबला होता आणि धूर थांबल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही. "ऑइल मात्र माझ्याकडेच बदला," असं त्याने दोनदा बजावलं.

सकाळी स्टार्टर जरा जड फिरायचा, मायलेजही थोडं उतरलं. नवीन रिंगा बसेपर्यंत असं होतंच, असं मीच लोकांना समजावत होतो.

हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं ठरलं होतं. त्या आठवड्यात त्याचं गॅरेज बंद, म्हणून फर्मागुडीच्या बाजूला एका वयस्क मेस्त्रीकडे गेलो. खाली पडणारी ऑइलची धार बघून तो थांबला. "हे कोणी घातलं?" माझ्या गाडीला कंपनी 5 डब्ल्यू 30 सांगते. हे त्याहून कितीतरी जाड होतं, 20 डब्ल्यू 50 असावं असं तो म्हणाला. त्याने कंपनीचं ऑइल भरलं आणि आठवड्यात निळा धूर परत आला. जाड ऑइल फटीतून कमी गळतं, त्यामुळे धूर काही काळ दबतो. माझे 38 हजार म्हणजे तीन-साडेतीन लिटर जाड ऑइल.

मेस्त्रीने पुढच्या खेपेला बॉनेट उघडण्याआधी एकच गोष्ट विचारली. धूर कधी येतो, चढताना की उतरल्यावर? मला कोणी हे विचारलंच नव्हतं. रिंगा गेल्या असतील तर चढावर, इंजिनावर जोर आला की धूर येतो. गिअरमध्ये घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, आत जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि वॉल्वची सीलं (ऑइल अडवणारी रबरं) कडक झालेली असली तर ऑइल तिथून आत ओढलं जातं. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते जळून लोट निघतो. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला भपकाही त्याच खुणेचा. म्हणजे निदान मेव्हण्याने सांकळीलाच, भज्यांच्या प्लेटवर, करून ठेवलं होतं.

तरी त्याने पीसीव्ही वॉल्व (इंजिनातली वाफ परत आत ओढली जाते तो) तपासला, तो ठीक निघाला. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. चारी आकडे जवळजवळ सारखे. प्रत्येक सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, आकडे फारसे हलले नाहीत. रिंगा झिजलेल्या असत्या तर उसळले असते. मी म्हटलं, रिंगा नवीनच आहेत ना, म्हणून असेल. त्यावर त्याने टॅपेट कव्हर काढलं. हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागाच्या, बोल्टांवर वर्षानुवर्षांचा लाखेसारखा पिवळट थर होता, पान्याची एक खरचटही नाही. हेड कधी उघडलंच नव्हतं, मग रिंगा बदलणार कुठून?

मग पिशवी आणली. प्रत्येक पिस्टनला तीन, म्हणजे बारा रिंगा हव्यात, पिशवीत सात. माझं सिलिंडर 73 मिलिमीटरचं. रिंगेचं तोंड दाबून मिटवलं तरी व्हर्निअर 80 च्या पुढे.

सीलं बदलायला हेड उतरवावं लागलं नाही. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन वॉल्व वर धरले आणि वरच्यावर सोळा सीलं बदलली. मजुरीसकट 4,800 रुपये, छापील बिलावर.

पहिल्याकडे जाऊन आलो. "तुमी दुसऱ्याकडेन उगडलें, आतां गॅरंटी ना," एवढंच उत्तर. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणून अर्ज लिहायला घेतलाय. वहीचा कागद, यूपीआयची नोंद, मेस्त्रीने काढलेले बोल्टांचे फोटो. शेवटी 'रिंगा, नग सात' असंही लिहिलं. कोणत्या गाडीच्या, ते मात्र मला लिहिता आलेलं नाही.