टांगणीचे पाइप क्लॅम्प: हाफ कपलरला माझी पसंती का?

कलाकारांच्या डोक्यावर दिवे आणि नेपथ्य टांगण्यासाठी जे क्लॅम्प सर्रास वापरले जातात, त्यांत ॲल्युमिनियमचा हाफ कपलर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याचे दोन्ही जबडे पाइपला सर्व बाजूंनी कवेत घेतात, त्यामुळे दाब एका बिंदूवर न येता पसरतो आणि पाइपला खोच पडत नाही.

सी-क्लॅम्पची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बोल्टचे टोक पाइपवर एकाच ठिकाणी रुतते. पोलादी पाइपला त्याने फारसे बिघडत नाही, पण ॲल्युमिनियमच्या ट्रसवर, म्हणजे पाइप जोडून केलेल्या जाळीदार तुळईवर, प्रत्येक वेळी नवा खड्डा पडतो. शिवाय हा क्लॅम्प बहुधा ओतीव लोखंडाचा असतो, आणि ते लोखंड आधी वाकून इशारा न देता एकदम तुटते. त्यातच जाड रंगाचा थर दिलेला असेल, तर बारीक तडा नजरेला पडत नाही. तरीही शिडीवरून काम करणाऱ्यांना तो सोडवत नाही, कारण पाइपला अडकवला की तो स्वतःच लटकून राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. ही सोय हवीच असेल, तर रुंद बैठकीचा ॲल्युमिनियमचा हुक क्लॅम्प अधिक बरा. सी-क्लॅम्प मी दिव्यांपुरताच ठेवीन. नेपथ्याच्या चौकटीसाठी तो नको.

हाफ कपलर घेताना पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजूनच घ्यावा. दीड इंची म्हणून ओळखला जाणारा पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर भरतो, तर ट्रसचा पाइप बहुधा 50 मिलिमीटरचा असतो. 48 ते 51 अशी मर्यादा कोरलेला कपलर दोन्हींवर बसतो. तोच सव्वा इंची, म्हणजे 42 मिलिमीटरच्या पाइपवर चढवला, तर जबडे एकमेकांना टेकतात, विंगनट (हाताने फिरवायचा, दोन कानांचा नट) हाताला घट्ट लागतो आणि पाइप मात्र आत सैलच राहतो. ही फसगत खालून दिसत नाही.

क्लॅम्पवर 500 किलो असे कोरलेले असल्यास तो वापरभार (म्हणजे सुरक्षितपणे टांगता येणारा भार) आहे की तुटण्याचा भार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ज्या क्लॅम्पवर आकडाच नाही, तो डोक्यावरच्या भारासाठी नाकारावा. नळकामाचे क्लॅम्प याच कारणाने बाद ठरतात. हा आकडाही सरळ खाली येणाऱ्या भारासाठीच धरावा. उभ्या पाइपवर सारी भिस्त घर्षणावर असते, आणि बाजूने ओढ बसली की हिशेबच बदलतो. क्लॅम्प 500 किलो पेलतो म्हणून पाइपही मध्यावर तेवढा भार पेलेल, असे तर मुळीच नाही.

सेफ्टी केबल, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा धरून ठेवणारी तार, कोणत्याही क्लॅम्पसोबत लागतेच, आणि ती शक्य तितकी आखूड बांधावी. ढील जितकी जास्त, तितका दिवा निसटल्यावर केबलला बसणारा हिसका मोठा.