सिंकथिंग की एसएसएच-आरसिंक? घर डिचोलीत, आपण पणजीत

घरचा डेस्कटॉप डिचोलीत, मी सोमवार ते शुक्रवार पणजीत भाड्याच्या खोलीत, आणि फाईली मात्र नेहमी दुसऱ्याच ठिकाणी. सिंकथिंग (दोन मशीनवरची फोल्डरं आपोआप सारखी ठेवणारं) आणि आरसिंक (एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन, त्यावरून कमांड देऊन फाईली हलवणारं), दोन्ही प्रकार मी वर्षभर तरी वापरलेत. ज्यांना अजून ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. स्क्रीन दाखवणारी रिमोट डेस्कटॉप अ‍ॅप्स यात धरत नाही, बाबांचा प्रिंटर दुरुस्त करायला ती ठीक आहेत, पण फाईली हलवायला म्हणजे पेजेचं पातेलं चमच्याने रिकामं करण्यासारखं.

आधी एक अडचण उरकून टाकतो. राउटरवर २२ नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून थेट एसएसएच करायचं हा जुना मार्ग मीपण करून बघितला, दोन दिवसांत लॉगमध्ये रूट, अ‍ॅडमिन अशा नावांनी दार वाजवणाऱ्यांची ही रांग. पुढे कनेक्शन बदललं आणि तोही मार्ग बंद झाला, कारण नव्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीच (बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता) नाही, सीजीनॅट, म्हणजे एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला. राउटरच्या वॅन (बाहेरच्या कनेक्शनच्या) पानावर आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुमचंही तेच, पोर्ट फॉरवर्डिंगवर (म्हणजे असं दार उघडण्यावर) रविवार घालवू नका. त्यामुळे एसएसएच म्हणतो तेव्हा टेलस्केलवरून (आपल्याच मशीनचं खाजगी नेटवर्क बांधणारं अ‍ॅप) केलेलं एसएसएच असं समजा. टेलस्केल आतून वायरगार्ड या व्हीपीएनवरच चालतं आणि बाहेर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. (गंमत म्हणजे टेलस्केलपण पत्ते त्याच १०० च्या गटातले देतं, पहिल्यांदा बघून मी बराच गोंधळलो होतो.)

सिंकथिंगला ही कटकटच नाही. दोन्हीकडे टाकलं, डिव्हाइस आयडीची देवाणघेवाण केली, फोल्डर दाखवलं, झालं. थेट वाट मिळाली नाही तर रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं, हळू जातं पण जातं, आणि रिलेवाल्याला आतलं काही वाचता येत नाही. सोय म्हणून बघाल तर याला तोड नाही, हे मी मनापासून म्हणतोय.

पण माझं बिनसलं ते फाईली डिलीट होण्यावरून.

आमच्या वाड्यावरच्या आरती मंडळाचं चवथीतलं रेकॉर्डिंग मी दरवर्षी करतो, घुमट, शामेळ, कासाळें सगळं, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ते फोल्डर दोन्ही मशीनवर सिंकथिंगमध्ये होतं आणि मी निवांत होतो की चला, दोन ठिकाणी आहे. एका शनिवारी डेस्कटॉप भरला असा मेसेज आला म्हणून बाबांनी जुनं दिसेल ते उडवलं, कचऱ्याची टोपलीपण रिकामी केली, शिस्तीचा माणूस. सोमवारी पणजीत लॅपटॉप उघडला तर फोल्डर रिकामं आणि वर हिरव्या अक्षरात अप टू डेट. बाबांची चूक नाही, सिंकथिंगचीपण म्हणता येणार नाही, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे मला माहीत होतं आणि फाईल व्हर्जनिंग डिफॉल्टला बंद असतं ते मी चालू केलं नव्हतं. केलं असतं तर सगळं लॅपटॉपवर जुन्या आवृत्त्यांच्या फोल्डरमध्ये मिळालं असतं. दोन वर्षांच्या आरत्या एका काकांच्या पेनड्राइव्हवर सापडल्या, एका वर्षाच्या गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून मला न विचारता काही करणारं सॉफ्टवेअर बघितलं की पोटात गोळा येतो.

आरसिंक त्या मानाने हुकमाचा ताबेदार. सांगितल्याशिवाय हलत नाही आणि डॅश-डॅश डिलीट लिहिल्याशिवाय पलीकडचं काही पुसत नाही, शिवाय आधी ड्राय-रन लावून काय काय होणार ते वाचता येतं. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जूनमध्ये आमच्याकडे वीज जाते हे काही नवीन नाही, एससीपीने (एसएसएचवरून साधी कॉपी) फाईल आणताना मध्येच तुटलं की परत पहिल्यापासून, आरसिंकला मोठा पी लावला की अर्धवट आलेली फाईल ठेवतो आणि पुढच्या वेळी उरलेलंच आणतो. सोबत टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ते) द्या, नाहीतर घरची वीज गेली तरी इकडे टर्मिनल बराच वेळ तसंच ताटकळत बसतं. आणि डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं ते चालू करा, नाहीतर आईला फोन करून "आई, जरा ते गोल बटण दाब गे" करत बसावं लागतं.

त्रास यातही आहे, नाही असं नाही. टेलस्केलची की (मशीनची ओळख पटवणारी किल्ली) डिफॉल्टला १८० दिवसांनी संपते आणि परत लॉगिन मागते, घरच्या मशीनसाठी ते बंद करून ठेवा. एसएसएचचा पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त की (पासवर्डऐवजी किल्लीची फाईल) ठेवा, आणि हे करताना समोरच्या खुर्चीत बसून करा, लांबून नको. विंडोज असेल तर आरसिंकसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) लागतं, तो व्याप नको असेल तर विनएससीपी (विंडोजवरचं फाईल कॉपीचं अ‍ॅप) घ्या, तेपण तुटलेलं पुढे नेतं. माझ्या घरी लिनक्स मिंट आहे त्यामुळे माझं सोपं झालं, तुमचं तसं होईलच असं नाही.

म्हणजे फोनमधले फोटो, बिलं असलं रोजचं घरी पोचवायचं असेल आणि कोणाला काही शिकवायचं नसेल तर सिंकथिंग घ्या, मी अडवणार नाही. पण एकदाच होणारी आणि परत न मिळणारी फाईल असेल तर मी तरी आरसिंककडेच झुकेन, कमांड पाठ व्हायला दोन आठवडे लागले तरी.

सिंकथिंग माझ्या मशीनवरून काढलेलं नाही. आईच्या फोटोंचं फोल्डर त्यात आहे, व्हर्जनिंग चालू करून. आरत्यांचं परत घातलेलं नाही.