ड्रिप : पाळीच्या नोंदी फोनमध्येच ठेवणारे ॲप

माशेलला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेले असे आणि आई महिन्यातून एकदा त्यावर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब देत असे. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख यांच्या गर्दीत त्या टिंबाचा अर्थ तिच्याखेरीज कोणाला कळत नव्हता. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की तीच पाने चाळून ती दिवस मोजी. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने गेल्या वर्षी याच कामासाठी फोनवर एक ॲप घेतले, तेव्हा त्याने टिंब मागण्याआधी नाव, ईमेल आणि जन्मतारीख मागितली आणि पुढच्या पानांवर शरीरसंबंधांविषयीही विचारले. आम्ही ते फोनवरून काढून टाकले, तरी खाते कंपनीकडे राहिलेच. ते पुसून घेण्यासाठी मला दोनदा ईमेल लिहावे लागले आणि उत्तर यायला तीन आठवडे गेले. त्यानंतर शोधून घेतलेले ड्रिप आम्ही गेले चार महिने वापरत आहोत.

ड्रिप उघडल्यावर खाते काढावे लागत नाही. नाव नाही, ईमेल नाही, फोन नंबर नाही. रक्तस्राव कमी होता की जास्त, कुठे दुखले, मन कसे होते, एवढे नोंदवता येते आणि ज्यांना हवे त्यांना रोजचे तापमानही लिहिता येते. पहिल्याच दिवशी मी फोनचा डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून मुलीला नोंदी करायला लावल्या. आलेख, दिनदर्शिका, सगळे नेहमीसारखे चालले, कारण माहिती फोनमध्येच साठते आणि हिशेबही तिथेच होतो. हे ॲप मुक्तस्रोत आहे, त्यामुळे जाणकाराला त्याचा कोड उघडून ते आत काय करते हे तपासता येते. माझ्या दृष्टीने गोपनीयतेच्या कुठल्याही लांबलचक धोरणापेक्षा याचे मोल जास्त आहे.

असे धोरण लिहिलेले असूनही काय घडू शकते, हे फ्लो या ॲपच्या प्रकरणात दिसले. दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेल्या या ॲपने आरोग्याची माहिती खाजगी ठेवण्याचे वचन दिले होते. तरीही ती फेसबुक आणि गुगलसह इतर कंपन्यांच्या विश्लेषण सेवांकडे गेली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. माहिती जाते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. ॲप बनवणारे दुसऱ्या कंपन्यांचे तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतात आणि आपण एखादे बटण दाबले की त्या घटनेची नोंद त्या कंपनीकडे पोहोचते. घटनेचे नावच ‘गर्भारपणाचा आठवडा निवडला’ अशा अर्थाचे असेल, तर पलीकडच्याला वेगळे काही विचारावेच लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने याच माहितीच्या संदर्भात फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याविरुद्ध निकाल दिला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे, तिची माहिती घेण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि तिच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. मात्र नियम अधिसूचित झाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. मुलीची पाळी तोवर थांबणार नाही, म्हणून मला कायद्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा माहिती बाहेरच न जाऊ देणारे साधन अधिक विश्वासाचे वाटते.

ड्रिप घेण्याआधी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. पुढच्या पाळीचा अंदाज देण्यासाठी त्याला किमान तीन पूर्ण चक्रांच्या नोंदी लागतात. त्याचा पासवर्ड विसरलात तर नोंदी परत मिळत नाहीत. सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. फोन हरवला तरी तेच, कारण प्रत दुसरीकडे कुठेच नसते. म्हणून दर महिन्याला नोंदींची फाइल बाहेर काढून ठेवावी, मात्र ती व्हॉट्सॲपवर किंवा ऑनलाइन ड्राइव्हवर टाकू नये, नाहीतर एवढी काळजी घेऊन उपयोग काय? आम्ही ती पेन ड्राइव्हवर घेतो आणि तो माझ्या कपाटात असतो.

अंदाजासाठी आम्हाला थांबावे लागले नाही. नात सुट्टीत माशेलला असली की तिची तारीख आजी आपल्या कालनिर्णयावर लिहून ठेवत असे आणि बाकीच्या तारखा मुलीच्या वहीत होत्या. एका रविवारी आजी पाने उलटून तारखा सांगत होती आणि मुलगी त्या फोनवर घालत होती. गेल्या महिन्यात फोंड्यात डॉक्टरांनी मागच्या सहा तारखा विचारल्या, तेव्हा मुलीने माझ्याकडे न पाहता फोन उघडून त्या एकेक करून वाचून दाखवल्या.